एकशे आठ नको, एक दाखवा

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

पनवेलहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानात हजर. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या. आमच्या घरात रेकॉर्डिंग बेडरूममध्ये होतं आणि भिंतीपलीकडे लगेच किचन आहे.

आजचा विषय आहे घरच्या घरी केलेला व्यायाम. त्यातही एकच गोष्ट : उभं कसं राहायचं, वाकायचं कुठून, पाऊल कुठे, गुडघा कुठे. जिमवाले ज्याला ‘फॉर्म’ म्हणतात ते. आधीच सांगतो, मी ट्रेनर नाही, डॉक्टर नाही, योगशिक्षक तर अजिबात नाही. मी कोड लिहून पोट भरतो. पण या विषयात मी एक मोठी चूक केली, ती चूक माझ्यापुरती राहिली नाही, आणि ती निस्तरताना जे शिकलो ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

तर झालं असं. गेल्या वर्षी जानेवारीत ऑफिसच्या ग्रुपवर एक चॅलेंज निघालं. रोज सूर्यनमस्कार घालायचे, हळूहळू वाढवत न्यायचे आणि रथसप्तमीला १०८ पूर्ण करायचे. एक शेअर्ड शीट होती, त्यात प्रत्येकाने रोजचा आकडा टाकायचा. आता मी इंजिनिअर माणूस. रकाना रिकामा दिसला की माझे हात शिवशिवतात. पहिल्या दिवशी १२, मग २४, मग ३६. शाळेत शिकलो होतो तेवढ्या भांडवलावर सुरू झालो. कोणी बघायला नव्हतं, आणि खरं सांगू का, कोणी बघावं असं वाटलंही नाही. आकडा वाढतोय ना, मग झालं.

रथसप्तमीला पावणेसहाला उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि थेट मॅटवर. चाळीस मिनिटांत १०८! शीटमध्ये आकडा टाकला, लोकांनी टाळ्यांचे इमोजी पाठवले, मी कॉलर ताठ करून ऑफिसला गेलो.

दोन दिवसांनंतरची गोष्ट. मी पनवेलहून ठाण्याची लोकल पकडतो, ऐरोलीला उतरतो. गाडी पनवेलहून सुटते म्हणून आपल्याला बसायला मिळतं, याचा आपल्या पनवेलकरांना केवढा अभिमान! त्या दिवशीही खिडकी मिळाली होती. रबाळे गेलं, मी उठायला गेलो, आणि कमरेत अशी उसण भरली की सरळच होता येईना. दांडीला धरून अर्धवट वाकलेला उभा. मागून एक काका म्हणतायत, “अरे, उतरायचंय की नाही तुला?” ऐरोलीला मी नव्वद वर्षांच्या आजोबांसारखा उतरलो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. मी या चॅलेंजमध्ये आईलाही ओढलं होतं. “आई, तू पण कर गं, गुडघे मोकळे होतील.” तिला खाली वाकायला जड जातं, म्हणून मी माझ्या अकलेने तिला रोज वीस स्क्वॉट्स दिले. म्हणजे आपल्या बैठका. यूट्यूबवर एक व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं, असं कर. तिने केलं. रोज. तक्रार न करता. मुलगा शिकलेला आहे, सांगतोय म्हणजे बरोबरच असेल, असा तिचा सरळ हिशोब. आणि त्याच आठवड्यात तिचा उजवा गुडघा सुजला. आमच्या घरी देव्हारा खाली आहे, ती पाटावर बसून पूजा करते. ते बंद झालं. खुर्ची ओढून, लांबूनच फूल वाहायची. मला काही बोलली नाही. तुम्हाला आई लोक माहीतच आहेत. माझी कंबर दुखत होती त्यापेक्षा ती खुर्ची मला जास्त दुखायची.

मग आम्ही दोघं फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी आधी सगळं नीट तपासलं. पायात मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, कळ पायात खाली उतरते का. हे तुम्हीही लक्षात ठेवा. असलं काही असेल, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं, तर पॉडकास्ट ऐकत बसू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. माझं तसं काही नव्हतं. मग मी मोठ्या उत्साहाने मोबाइल काढून ती शीट दाखवायला लागलो. मॅडम म्हणाल्या, “एकशे आठ नको. एक घालून दाखवा.”

मी घातला. त्यांनी माझ्याच फोनवर बाजूने शूट केला आणि मला दाखवला. मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला बाजूने व्यायाम करताना बघत होतो. हा माणूस मी नाहीच, असं वाटलं!

काय काय दिसलं ते सांगतो. एक, उत्तानासनात, म्हणजे खाली वाकून हात टेकतो ना, तिथे मी खुब्यातून वाकतच नव्हतो. गुडघे काठीसारखे ताठ आणि सगळा बाक कमरेत. दोन, चतुरंग दंडासनात, ज्याला जिमवाले प्लँक म्हणतात त्या स्थितीत, माझं शरीर फळीसारखं सरळ असायला हवं. ते दोन खांबांमध्ये बांधलेल्या झोळीसारखं मधोमध लोंबत होतं. तीन, भुजंगासनात मी हातांनी जोर लावून वर ढकलत होतो, खांदे पार कानापर्यंत, आणि मागची सगळी कमान कमरेच्या एकाच जागी मोडल्यासारखी. आणि चार, ही तर कमालच. मी प्रत्येक वेळी उजवाच पाय आधी मागे नेत होतो. एकदाही डावा नाही.

आता हिशोब करा. एका नमस्कारात उत्तानासन दोनदा येतं. एकदा खाली जाताना, एकदा वर येताना. म्हणजे १०८ नमस्कारांत मी २१६ वेळा चुकीच्या जागेतून वाकलो. १०८ वेळा कमर लोंबकळत ठेवली. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. लूपच्या आत बग असेल तर लूप जितक्या वेळा फिरवाल तितक्या वेळा बग चालतो. मी बग दुरुस्त न करता लूपचा आकडा वाढवत होतो आणि त्याला प्रगती म्हणत होतो.

त्यात अजून एक भर. उठल्या उठल्या सुरुवात. आपल्या मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात ना, त्या रात्री झोपेत पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. खरंच, घरी मोजून बघा. पण त्या फुगलेल्या अवस्थेत कंबर ताठर असते आणि खोल वाकलं की गाद्यांवर जास्त ताण येतो. उठल्यावर थोडं चालून, पाणी पिऊन, घरातली दोन कामं करून मग वाकावं, एवढं साधं शहाणपण. माझी आजी उठल्यावर आधी अंगणात फेरी मारायची. मी थेट मॅटवर उडी मारली.

आता मला पडलेला प्रश्न असा : एवढी ढोबळ चूक मला जाणवली कशी नाही? मी तिथेच होतो की! माझंच शरीर, माझीच कंबर.

तर याचं उत्तर फार मस्त आहे. आपल्या स्नायूंमध्ये आणि सांध्यांमध्ये बारीक संवेदक असतात. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे ते आपल्याला कळतं, ते त्यांच्यामुळे. पण मेंदू यांची माहिती सवयीच्या पट्टीवर मोजतो. तुम्ही वर्षानुवर्षं लॅपटॉपसमोर मान पुढे काढून बसलात, तर तीच जागा मेंदूला सरळ वाटायला लागते. मग कोणी तुम्हाला खरोखर सरळ उभं केलं, तर तुम्हाला वाटतं, अरे, मी मागे पडतोय! म्हणजे आतून जे सरळ वाटतं ते सरळ असेलच असं नाही. म्हणून बाहेरून बघणारा डोळा लागतो. आणि घरच्या व्यायामात नेमका तोच नसतो.

आपल्याकडे पूर्वी हा डोळा कुठे होता? तालमीत. आपल्या पनवेल तालुक्यातलं शिरढोण तुम्हाला माहीत असेल, गोवा हायवेला लागलं की येतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८४५चा जन्म. हे फडके पुण्यात गेल्यावर कुठे घडले? लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत. तिथे दांडपट्टा, तलवार, कुस्ती, सगळं शिकवलं जायचं. तुम्ही कोणत्याही जुन्या तालमीत जा, जोर-बैठका मारणारे दहा असतात आणि एक वस्ताद नुसता बघत उभा असतो. काही काम करत नाहीये असं वाटतं. पण त्याचं कामच ते असतं, बघणं. एखाद्याची पाठ पडली की हाक मारणं. तुम्ही-आम्ही घरात मॅट टाकली, अ‍ॅप लावलं, गाणी लावली, पण वस्ताद घरी आणला नाही.

बरं, सूर्यनमस्कार घराघरांत पोचले कसे, तीही गोष्ट आपल्या सातारा जिल्ह्यातली आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. हे तरुणपणी युजेन सँडो नावाच्या त्या काळच्या जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम करायचे. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोची साधनं आणि पुस्तकं आणवली आणि दहाएक वर्षं तो व्यायाम केला. म्हणजे आजच्या भाषेत घरात होम जिम बसवली. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग अख्ख्या संस्थानात, शाळांमधून त्यांनी ते सुरू केले. १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’. पुस्तकाचं नावच बघा, टेन-पॉइंट! दहा स्थिती. नमस्कार म्हणजे खालीवर होणं, असं त्यांनी मांडलंच नाही. दहा ठरलेल्या जागा आहेत आणि प्रत्येक जागी शरीराने नीट पोचायचं आहे.

आपल्याकडे जाणते लोक नमस्कार शिकवताना एक साधा नियम सांगतात. एकदा हात जमिनीला टेकले की पुन्हा उभं राहेपर्यंत ते हलवायचे नाहीत. हा नियम मला आधी उगाच कडक वाटायचा. पण विचार करा, तळहात जागेवर ठेवले की तेच तुमची मोजपट्टी होतात. पाय मागे किती गेला, परत किती आला, दोन्ही पाय सारखे गेले का, सगळं त्यावरून कळतं. तसंच साष्टांग. दोन पावलं, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ, ही आठ अंगं जमिनीला टेकतात. पोट टेकत नाही. पोट टेकलं की समजायचं, आपण आडवे पडलोय, नमस्कार सुटला. किती सोपी तपासणी आहे बघा! आरसा नको, अ‍ॅप नको, जमीनच सांगते.

आणि या सगळ्यात ज्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही ते म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. मूळचे कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे, १९१८ चा जन्म, पण १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले ते पुण्याचेच झाले. आले होते सहा महिन्यांसाठी! लहानपणी क्षयासह बरीच आजारपणं काढलेली, शरीर दुबळं. पुण्यात त्यांच्या शेजारी गुरू नव्हता. म्हणजे आपल्यासारखीच परिस्थिती, एकट्याने सराव. मग त्यांनी काय केलं? भिंत वापरली, विटा वापरल्या, पट्टे, दोऱ्या, खुर्च्या वापरल्या. रस्त्यावरच्या रोलरवर पाठ टाकून कमान करून बघायचे, असंही त्यांनी सांगितलंय. आज जगभरच्या योगवर्गात लाकडी विटा आणि पट्टे दिसतात, त्याचं मोठं श्रेय पुण्यातल्या या माणसाला जातं. १९७५ मध्ये त्यांनी पुण्यात पत्नीच्या नावाने रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू केली. आणि १९७९ मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, त्यांना अपघात झाला. जी आसनं सहज व्हायची ती होईनात. या माणसाने पुन्हा साधनांचा आधार घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. साठीनंतर!

१९६६ च्या त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’ या गाजलेल्या पुस्तकात पहिलं आसन कोणतं आहे माहितीये? ताडासन. नुसतं सरळ उभं राहणं. त्यात त्यांनी सांगितलंय की आपण वजन दोन्ही पायांवर सारखं देत नाही, आणि याचा पुरावा आपल्या बुटांच्या झिजलेल्या टाचांमध्ये सापडतो. हे वाचलं आणि मी उठून दारातला चपलांचा रॅक उघडला. माझ्या प्रत्येक बुटाची उजवी टाच बाहेरून घासलेली. सात वर्षं मी लोकलमध्ये उजव्या पायावर रेलून उभा राहतोय आणि बूट ते लिहून ठेवतायत! अस्सल लॉग फाइल. मीच कधी उघडली नव्हती.

तर आता कामाचं बोलू. घरात वस्ताद नाही, मग वस्तादाचं काम कोणाला द्यायचं? मॅडमकडून आणि नंतर सरावातून जे हाती लागलं ते पाच गोष्टींत सांगतो. सगळं पनवेलच्या वन बीएचकेमध्ये बसतं.

पहिली गोष्ट, लादीची रेघ. दोन लाद्यांच्या मधली सरळ रेघ हा फुकटचा ग्राफ पेपर आहे. रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पावलं ठेवा. टाचा, अंगठ्याखालची गादी आणि करंगळीखालची गादी, असे तीन टेकू दोन्ही पायांचे जाणवतात का बघा. मग डोळे मिटून वीस सेकंद उभे राहा. वजन कुठे सरकतं ते कळेल. पहिल्या आठवड्यात मी एवढंच केलं. मॅटवर नुसता उभा! शीटमध्ये टाकायला आकडाच नव्हता.

दुसरी, मॉपचा दांडा. दांडा पाठीवर उभा धरा. तो डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, असा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. कमरेच्या खोलगट जागेत तळहात जेमतेम जाईल एवढी फट राहते, ती राहू द्या. आता गुडघे किंचित सैल करून पुढे वाका, पण तिन्ही जागा सुटू न देता. कंबर आपोआप मागे जाईल. हेच ते खुब्यातून वाकणं. दांडा माकडहाडावरून सुटला की समजा, कमरेतून वाकलात. खालून पाण्याचा वीस लिटरचा जार उचलताना हेच वाकणं कामाला येतं.

तिसरी, भिंत. भुजंगासनात खांदे कानाला लागतात ना, त्यासाठी आधी भिंतीशी शिका. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहा, तळहात छातीच्या उंचीवर टेका आणि भिंतीवरच पुशअप मारा. खांदे कानापासून लांब, कोपरं अंगापासून जेमतेम पंचेचाळीस अंशांवर, डोक्यापासून टाचेपर्यंत एक फळी. इथे वजन कमी असतं, त्यामुळे चूक पकडायला वेळ मिळतो. भिंतीवर जमलं की पलंगाच्या कडेवर, तिथे जमलं की जमिनीवर. पलंग सरकणारा नाही एवढं बघून घ्या, माझा सरकला होता.

चौथी, खुर्ची. बैठका शिकायच्या तर खुर्चीसमोर उभे राहा आणि तिला हलकेच स्पर्श करून परत वर या. धपकन बसायचं नाही. पावलं जिकडे बघतायत तिकडेच गुडघ्यांनी जायचं. ढोबळ खूण म्हणजे गुडघा दुसऱ्या बोटाच्या दिशेने. आईची चूक नेमकी इथे होती. खाली जाताना तिचे दोन्ही गुडघे आत, एकमेकांकडे झुकायचे. मी समोर उभा राहून आकडे मोजत होतो. ‘अठरा, एकोणीस, शाब्बास आई.’ गुडघ्यांकडे बघितलंच नाही.

पाचवी, फोन. आपल्याकडे वस्तादाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच. पण समोरून नको, बाजूने लावा, कमरेच्या उंचीवर. सेल्फी मोडमध्ये स्वतःकडे बघत व्यायाम करू नका, मान वळते आणि सगळंच बिघडतं. मागच्या कॅमेऱ्याने तीनच नमस्कार शूट करा, थांबा, बघा, एकच चूक निवडा, आणि पुढचे तीन फक्त त्या चुकीसाठी घाला. एका वेळी एकच बग. दोन बदल एकत्र केले की कशामुळे काय सुधारलं ते कळत नाही. गुरुवारी शूट केलेलं आदल्या गुरुवारच्या शेजारी लावून बघा.

आता एक मिनिट उलटी बाजू. फॉर्म, फॉर्म करून घाबरूही नका. नेटवर असं भासवतात की पाठ एक अंश वाकली की मणका गेलाच. तसं नसतं. आपलं शरीर वाकायला, वळायला, उकिडवं बसायला बनलंय. भाजीवाल्या मावशी उकिडव्या बसून तासन्‌तास काम करतात. चुकीची एक हालचाल सहसा बिघडवत नाही. न पेलणारं ओझं, अचानक वाढवलेला आकडा आणि तीच चूक शेकडो वेळा, हे मिश्रण बिघडवतं. माझं तेच झालं.

आणि नियमही डोळे मिटून घेऊ नका. ‘बैठक मारताना गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये’, हे सगळ्यांनी ऐकलंय. अमेरिकेत २००३ मध्ये एक छोटा अभ्यास झाला, सातच जण होते त्यात. खांद्यावर बार घेऊन बैठका, एकदा गुडघे मोकळे आणि एकदा समोर फळी लावून अडवलेले. गुडघे अडवल्यावर गुडघ्यांवरचा भार थोडा उतरला, पण खुब्यांवरचा भार कितीतरी पटींनी वाढला. म्हणजे भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. आपल्या तालमीतल्या बैठकांमध्ये तर टाचा उचलल्या जातात आणि गुडघे सर्रास पुढे जातात, पैलवान त्या वर्षानुवर्षं मारतात. पण ते सोळाव्या वर्षापासून हळूहळू तिथे पोचलेले असतात. माझी आई छप्पन्नाव्या वर्षी, व्हिडिओ बघून, पहिल्याच दिवशी वीस. फरक तिथे आहे. प्रत्येकाच्या मांडीच्या हाडाची लांबी वेगळी, घोट्याची लवचिकता वेगळी, त्यामुळे तुमची बैठक माझ्यासारखी दिसणारच नाही. व्हिडिओतल्या माणसासारखं दिसायचं नाहीये. आपला गुडघा आपल्या पावलाच्या दिशेने जातो का, पाठ धरलेली राहते का, श्वास चालू आहे का, आणि दुसऱ्या दिवशी शरीर काय म्हणतं, एवढं बघायचं. श्वास अडकला की मी थांबतो. वेग जास्त झाल्याची ती पहिली खूण असते.

आता आमच्या घरची बातमी देतो आणि आवरतं घेतो. माझी कंबर महिन्याभरात ताळ्यावर आली. आईला वेळ लागला. आधी सूज उतरू दिली, मग मॅडमनी तिला उंच खुर्चीवरून, हातांचा आधार घेऊन, पाचच उठबशा दिल्या. यावेळी मी आकडे मोजले नाहीत. मी तिच्यासमोर लादीवर बसायचो आणि फक्त गुडघे बघायचो. आत झुकले की म्हणायचो, “आई, उजवा.” ती वैतागायची. “आता काय माझ्या गुडघ्यांवर पहारा ठेवणार आहेस का?” म्हटलं, हो. आधी ठेवायला हवा होता.

गणपतीच्या आसपास एका सकाळी मी मॅट टाकत होतो, तर देव्हाऱ्यासमोरची खुर्ची बाजूला सारलेली. आई पाटावर बसली होती. रोज नाही जमत अजून. एकादशीला, सणाला बसते, बाकी दिवस खुर्चीच. आणि उठताना भिंतीला हात लावते. लावू दे की. अय्यंगारांनी जगाला भिंत धरायला शिकवली, आमच्या आईने का नको?

आणि आता तीच मला बघते. चहाचा कप घेऊन दारात उभी राहते आणि सांगते, “खांदे वर गेले रे.” वस्ताद घरातच होता मंडळी, मी त्याला विचारलं नव्हतं.

मी आता बारा नमस्कार घालतो. सहा उजव्या पायाने, सहा डाव्या पायाने. या वर्षीही ऑफिसमध्ये शीट आली. मी माझ्या रकान्यात १२ लिहिलं. शेजारच्याने विचारलं, “अरे, गेल्या वर्षी १०८ होतास ना?” म्हटलं, “हो, पण मोजताना चूक झाली होती. त्यातला एकही बरोबर नव्हता.”

तर मंडळी, आजचा गृहपाठ : उद्या सकाळी जे काही करता त्याची एकच फेरी बाजूने शूट करा आणि घरातल्या कोणाला तरी दाखवा. हसतील, हसू द्या. आणि तुमच्या बुटांच्या टाचा बघून मला कळवा, कोणती बाजू झिजलीये. मला खरंच उत्सुकता आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर ताठ उभे राहा, पण श्वास घेत राहा. नमस्कार!